दोन डावे पंख

बेली ब्रेग,
११ मार्च २०१०

कूम राडिवोय,

देव तुम्हाला बरं ठेवो. आम्ही बरे आहोत. तुम्हीही बरेच असाल, कारण मेला असतात तर एव्हाना कोणीतरी कळवलं असतं.

अक्षर बघून घाबरू नका. मीच आहे, पेर्सिदा. चार इयत्ता शिकले, त्यातली चौथी बदकं राखण्यात गेली. तेव्हा जिथं वाक्य संपल्यासारखं वाटेल तिथं श्वास घ्या आणि पुढं वाचा. टेलिफोन करून बघितला, पण तुमची मुलगी उचलते आणि "बाबा झोपलेत" म्हणते. नोवी सादच्या चौथ्या मजल्यावर माणूस एवढा झोपतो हे मला माहीत नव्हतं. इथं गावात तर तुम्ही डुलकीसुद्धा उभ्यानं काढायचात.

इकडची हालहवाल म्हणाल तर कोशावा वारा सुटलाय आणि गावातली कुत्री एका बाजूला कलून चालतायत. ईस्टरआधीचा थोरला उपास चालू आहे. दूध नाही, अंडं नाही, मांस नाही. घेवडा आणि देवाचं नाव. त्यात माझी तेलाची बाटली आपोआप रिकामी होते. मला वाटलं, आमचा म्हातारा शेडमध्ये चोरून बटाटे तळतोय. उपासात भांडू नये म्हणून विचारलं नाही.

आमची लेक स्लावित्सा दर रविवारी लिंत्झहून फोन करते. "सगळं ठीक?" "ठीक." "बाबा?" "शेडमध्ये." नात मागून जर्मनमध्ये काहीतरी ओरडते. मी आजी आहे ती टेलिफोनच्या वायरीएवढी. त्या पोरीला माझ्या हातची चव ठाऊक नाही, आणि मला तिची उंची.

आता कामाचं. मला एक विमान हवंय.

हसाल. हसून घ्या, मग वाचा. तयार विमान हवंय. खोक्यातलं, दुकानातलं, ज्याला आमच्या घरात विमान म्हणायची बंदी आहे तसलं. लाकडी सांगाड्याचं पाहिजे, फोमचं नको. दोरीनं पतंगासारखं वर ओढून सोडायचं, इंजिन नसलेलं. आणि संत जॉर्जच्या दिवसाआधी पाहिजे. त्या दिवशी क्लबची विमानं उडवायची स्पर्धा, चषक. क्लबचा अध्यक्ष आमचा म्हातारा स्वेतोझार, विमान स्वतःच बांधायचं हा नियम स्वेतोझारचा, आणि त्या दिवशी मैदानावर रिकाम्या हातानं आलेला स्वेतोझार आजवर कोणी बघितलेला नाही. या वर्षी बघतील, जर तुम्ही मनावर घेतलं नाही तर.

त्याचा खांदा धरलाय. पातं चालवता येत नाही. कारण एवढंच. जास्त विचारू नका.

दुसऱ्या कोणाकडं मागणार होते मी? आमच्या क्लबात तयार विमान आणणारा पापी एकच निघाला, आणि त्याला आम्ही हाकललं.

त्या चषकाचा दिवस मला अजून दिसतो. एकेक जण पुढं येतो, आपल्या विमानाच्या पंखावर तळहात ठेवतो आणि सगळ्यांसमोर म्हणतो, "फासळी न् फासळी माझ्या हातची." तुमची पाळी आली. तुमचा पंख असा चकचकीत की त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि ते मला आवडलं नाही. तुम्ही तळहात ठेवलात आणि मोठ्यानं म्हणालात, "फासळी न् फासळी माझ्या खिशातली!"

अख्खं मैदान हसलं. मीही हसले. एकच माणूस हसला नाही, आणि पेन्सिल नेमकी त्याच्या हातात होती.

"राडिवोय," स्वेतोझार म्हणाला, "जो बांधत नाही तो उडवत नाही. तो नुसता फेकतो."

"आणि जो बांधतच बसतो तो उडवतो कधी?" तुम्ही म्हणालात. "तुझ्या शेडच्या आढ्याला बघ किती लटकतायत. वटवाघळांची शाळा काढलीस काय? मला बीट उपटायचं असतं, डुकरांचं बघायचं असतं. त्यातून एक रविवार उरतो, तो मी आकाशाकडं बघण्यात घालवणार. सरसाच्या भांड्याकडं बघण्यात नाही."

"मग बघ की. दोरीच्या पलीकडून बघ."

त्यानं मैदानाची दोरी दाखवली. तुम्ही ती ओलांडलीत, आणि जे चालत सुटलात ते नोवी सादलाच जाऊन थांबलात. माझ्या मुलीला देवळात पाण्यात बुडवून नाव ठेवणारा कूम. सख्खा भाऊ तुटला तर लोक दोन दिवस बोलतात, कूम तुटला तर गावातली दूधवालीसुद्धा आवाज खाली करते. आणि कशावरून, तर कागद आणि काड्यांवरून.

कोण बरोबर ते मला विचारू नका. थराथराच्या पिटाचे पापुद्रे मी आयुष्यभर घरी ओढले, टेबलभर, खालचं वर्तमानपत्र वाचता येईल इतके पातळ. दुकानातले तयार पापुद्रे आणणाऱ्या बायकांना मी भरपूर नावं ठेवली. त्यांचे नवरे पिटा खाऊन मेले नाहीत. उलट दोघं-तिघं माझ्याहून सुखी दिसले.

पाठवणार असाल तर पाठवा. नसाल तर तसं कळवा, म्हणजे शिव्या द्यायला मला ताजं कारण मिळेल. पोस्टमनला सांगून ठेवलंय, खोकं माझ्याच हातात द्यायचं. स्वेतोझारला यातलं काही माहीत नाही.

तुमची कूमा (हे नातं जिने चढून तुटत नसतं),
पेर्सिदा


बेली ब्रेग,
९ एप्रिल २०१०

ख्रिस्त उठला, कूम राडिवोय!

तुम्ही तिकडं "खरोखर उठला" म्हणालात असं समजते. अंडी रंगवली, कांद्याच्या सालात, नेहमीसारखी. दोन माणसांना किती अंडी लागतात? तरी टोपलीभर रंगवली. हाताला सवय.

खोकं पोचलं. आत विमान, विमानावर तुमची चिठ्ठी, चिठ्ठीत एवढंच: "खांदा कुठला, डावा की उजवा? खरं सांगा, कूमा." नोवी सादला जाऊन अक्कल वाढली तुमची.

डावा. सगळं डावंच आहे आमच्याकडं. सांगते.

तुम्हाला ठाऊकच आहे, नकाशाच्या कागदावर एकाच पंखाचं चित्र असतं. त्यावर लाकडाच्या काड्या टाचण्यांनी टाचायच्या, सरस लावायचा, डावा पंख तयार. उजव्यासाठी त्याच कागदाला तेल चोळायचं, म्हणजे कागद आरपार दिसायला लागतो, मग तो उलटा करायचा आणि त्यावर दुसरा बांधायचा. उलटा करायला विसरलं की दुसराही डावाच होतो. नवशिक्या एकदा तरी हे करतोच. तुम्ही केलं होतंत, आणि स्वेतोझार तुम्हाला त्या उन्हाळाभर "दोन डावे" म्हणून हाक मारत होता. दारूच्या गुत्त्यातसुद्धा.

सांगाडा तयार झाला की माझ्याकडं येतो, तेही तुम्हाला ठाऊक आहे. कागद मी चढवते. लॅकर लावते, मग तोंडात पाणी घेऊन फवारा मारते, इस्त्रीच्या कपड्यांवर मारतात तसा, आणि कागद सुकता सुकता ढोलकीसारखा ताणतो. शपथेत फासळ्या आहेत, कागद नाही, हे माझ्या पहिल्याच वर्षी ध्यानात आलं होतं. असू दे. सूप कोणी ढवळलं ते वाडग्यावर लिहीत नाहीत.

तर फेब्रुवारीत त्यानं दोन पंख आणून टेबलावर ठेवले. "चढव," म्हणाला. मी शेजारी शेजारी लावून बघितले. एकाची जाड कड पुढं, दुसऱ्याची मागं.

"अरे म्हाताऱ्या," मी म्हटलं, "दोन्ही डाव्या पायाचे जोडे आणलेस की."

तो पोट धरून हसला. म्हणाला, "राडिवोयला सांगू नकोस हं." मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तुमचं नाव पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघालं, शिवीशिवाय.

गेला, दुसरा बांधून आणला. डावा. या वेळी हसला नाही. मीही नाही. पुढचा आणला, तोही डावा. मी म्हटलं, "नीट बघ." तो माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिला, जणू मीच काहीतरी लपवलंय. त्यानंतर त्यानं पंख आणणं बंद केलं. शेडमधून मात्र घासण्याचा आवाज दिवसभर येतो, पॉलिश कागदाचा. दिवसभर.

तो न्हाव्याकडं गेला तेव्हा मी शेडमध्ये शिरले. भिंतीशी ओळीनं लावून ठेवलेत. सुरेख, कूम. असं काम त्यानं तरुणपणीसुद्धा केलं नसेल. प्रत्येक फासळी नखासारखी गुळगुळीत. आणि सगळे डावे. टेबलावरचा नकाशा तेलानं इतका भिजलाय की लाकडाला चिकटलाय. माझी रिकामी बाटली खाली लवंडलेली. तेल चोळायचं त्याला आठवतं, दर वेळी आठवतं. उलटं करायचं तेवढं राहतं.

मी कागद सोडवला, उलटा केला, चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या आणि आले. म्हटलं, आता तरी उजवा होईल. दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना म्हणाला, "कोण गाढव शेडमध्ये शिरलं होतं कोण जाणे. नकाशा उलटा लावला होता. बरं झालं माझ्या लक्षात आलं."

डॉक्टरकडं नेलं. पोरगेला डॉक्टर, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. त्यानं विचारलं, "आजोबा, आज तारीख काय?" स्वेतोझारनं खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाला, "आज नका उडवू. झाडांचे शेंडे बघा." डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "त्यात काय चुकलं? वारा आहेच." मग त्यानं गोळ्या लिहून दिल्या आणि हळू आवाजात बरंच काही सांगितलं. हळू आवाजात सांगतात ते मी ऐकत नाही.

स्लावित्साला सांगितलेलं नाही. ती सुट्टी काढून येईल, चार दिवस रडेल, भांडी चुकीच्या जागी लावेल आणि जाईल. मग भांडी शोधायला मी आहेच.

आता विमानाचं. तुमच्या विमानावरचं ते प्लॅस्टिकचं चकचकीत कातडं इस्त्रीनं तापवून सोललं. ससा सोलतात तसं एकसंध निघालं. आतला सांगाडा चांगला आहे, मान्य करते. यंत्रानं कापलेला असला तरी चांगला आहे. शेपटीजवळ एक छोटं घड्याळ बसवलेलं होतं, ठरल्या वेळी विमान खाली आणणारं. ते काढून टाकलं. स्वेतोझार आयुष्यभर वात वापरत आला. त्याच्या विमानावर घड्याळ दिसलं तर लहान पोरसुद्धा ओळखेल. वातीसाठी तारेचा आकडा बसवला. मग पांढरा कागद चढवला, टोकांना लाल, त्याच्या सगळ्या विमानांना असतो तसा.

हे सगळं स्वयंपाकघरात, तो शेडमध्ये असताना. लॅकरचा वास घरभर, पण या घरात लॅकरचा वास म्हणजे दुसऱ्या घरात कांद्याचा. मी एक गोष्ट रचून ठेवली होती: हे तुझंच जुनं, माळ्यावर सापडलं, मी नुसता कागद बदलला. दोन दिवस मनात घोकली. मला खोटं बोलायचा सराव नाही, मी खरं बोलूनच लोकांना दुखावते.

तो आत आला. विमान बघितलं. हात पुसले, उचललं, पंखाच्या टोकावरून अंगठा फिरवला.

"चांगलं झालंय," म्हणाला. "पण टोक मी जरा जास्तच घासलं का गं पेर्सा?"

माझी रचलेली गोष्ट तोंडातच राहिली, गरम बटाट्यासारखी. गिळता येईना, थुंकता येईना.

"नाही," मी म्हटलं. "बेताचं घासलंयस."

तर असं आहे. तुम्ही चषकाला येऊ नका. आभार मानते, पण येऊ नका. तुम्हाला दोरीपाशी बघून त्याचं डोकं फिरेल, आणि तुम्हाला तुमचं विमान ओळखू येईल, आणि तुमचं तोंड तुम्हाला कधी बंद ठेवता आलेलं नाही.

कूमा पेर्सिदा


बेली ब्रेग,
८ मे २०१०

कूम राडिवोय,

तब्येत कशी आहे वगैरे सगळं मागच्यासारखंच समजा. आज मला घाई आहे. तो बाहेर बाकावर बसलाय, आणि तो बसलाय तोवरच मला लिहिता येतं.

चषक झाला. तुमचं विमान गेलं. आधी वाईट बातमी सांगितलेली बरी.

सहा तारखेला सकाळी मी त्याच्या टोपीला हिरवी डहाळी खोचली आणि आम्ही मैदानावर गेलो. दोरीच्या आत आता म्हातारेच उरलेत, कूम. लाकूड, सरस आणि खोकला. दोरीच्या पलीकडं तरणी पोरं, ती फोमची मोटारवाली विमानं घेऊन आलेली. खोकं उघडतात, पंख खटकन बसवतात, आणि भुंगे सोडल्यासारखी सोडतात. पडलं तर हसतात. आमच्यातल्या एकाचं पडलं तर हिवाळा वाया गेल्यासारखा चेहरा करतो, आणि गेलेलाच असतो. मी मधे उभी राहून दोन्हीकडं बघितलं. खरं सांगू? पलीकडं बरं चाललं होतं. अलीकडं सुंदर चाललं होतं. दोन्ही एकत्र का चालत नाही ते मला कोणी सांगितलं नाही.

तपासायला ल्युबोमिर होता, आपला जनावरांचा डॉक्टर. गाईच्या पोटात हात घालून वासरू सरळ करणारा माणूस, त्याच्यापासून काय लपणार? त्यानं विमान उन्हाकडं धरलं. कागदातून फासळ्या दिसतात. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पेर्सा काकी, या फासळ्यांच्या कडा तपकिरी आहेत. यंत्रानं कापल्या की अशा जळतात."

"इस्त्रीनं जळल्या," मी म्हटलं.

"आतून?"

"इस्त्री फार तापली होती."

  मग त्यानं स्वेतोझारकडं बघितलं, तो टोपी हातात घेऊन मुलासारखा उभा होता. ल्युबोमिर मोठ्यानं म्हणाला, "ठीक आहे! काका, शपथ घ्या."

स्वेतोझारनं पंखावर तळहात ठेवला. आवाज खणखणीत, तुम्हाला तिकडं नोवी सादला ऐकू आला असेल. "फासळी न् फासळी माझ्या हातची." आणि तो खोटं बोलत नव्हता, कूम. ते लक्षात ठेवा. त्या मैदानावर खोटी एकच होती, आणि तिनं तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

ल्युबोमिरनं विमान डोक्यावर धरलं, स्वेतोझार दोरी घेऊन पळाला. पळाला म्हणजे काय, पळण्याची आठवण काढली. पण वारा मनासारखा होता. विमान वर चढलं, डोक्यावर आलं, दोरी सुटली आणि ते फिरायला लागलं. पांढरं, टोकं लाल. कौलांच्या भट्टीवरून गरम हवा उठत होती, ती त्याला लागली आणि ते वर, वर. पलीकडच्या पोरांनी आपापले भुंगे खाली उतरवले, कोणी न सांगता. आकाश मोकळं करून दिलं त्याला.

तेव्हा मला दिसलं. शेपटीपाशी धूर नव्हता.

वात पेटवून सोडायची असते. ती जळत रबरापर्यंत पोचते, रबर तुटतं, शेपूट उचलली जाते आणि विमान शहाण्यासारखं खाली येऊन बसतं. पेटवली नाही आणि वर गरम हवा लागली, तर विमान देवाचं.

"काका, वात!" ल्युबोमिर ओरडला.

स्वेतोझार वर बघत होता, हसत होता. "कसली वात?" म्हणाला.

त्या मैदानावरच्या प्रत्येक माणसाला वात लावायला त्यानंच शिकवलंय. विसरलेल्यांच्या कानाखाली वाजवलीय.  कोणी टोपी नीट केली, कोणी बूट झटकला. मी पंख झाकले, फासळ्या झाकल्या, वर घड्याळ स्वतःच्या हातानं काढून फेकलं, आणि दोन शब्दांत सगळं उघडं पडलं. "कसली वात."

मग कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी, दोरीच्या दोन्ही बाजूंनी. विमान रुमानियाच्या दिशेला ठिपका झालं, मग तेही नाही. जास्त वेळ वर राहील तो जिंकतो, आणि नजरेआड गेलेल्याला पूर्ण वेळ धरतात, म्हणून चषक त्याला मिळाला. कपाटावर ठेवलाय. त्या टाळ्या माझ्या पाठीवर अजून वाजतायत.

घरी येताना तो वाटेत थांबला. "बघितलंस, पेर्सा? परत आलंच नाही. आयुष्यभर बांधली, एवढं चांगलं एकही झालं नव्हतं." मग इकडंतिकडं बघितलं. "राडिवोय कुठाय? त्यानं बघितलं की नाही?"

 "राडिवोय आला नव्हता," मी म्हटलं.

"का? आजारी आहे?"

"आजारी नाही."

"मग काय झालं गाढवाला? चषकाला कधी चुकत नाही तो."

त्याच्याकडं ते भांडण नाही, कूम. गेलं. शोधून बघितलं मी. दोरी नाही, खिसा नाही, वटवाघळं नाहीत. दिवसातून दोन-तीनदा विचारतो, राडिवोय का येत नाही. काल ब्रँडीचे तीन पेले मांडले. मी म्हटलं, तो सरस आणायला गेलाय. म्हणाला, "सरस आणि तो? कधीपासून?" एवढं आठवतं मेल्याला.

आता ते भांडण फक्त तुमच्याकडं उरलंय. एकट्यानं सांभाळून काय करणार? तुमच्या त्या चौथ्या मजल्यावर तसंही जागा कमी.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. करावं की न करावं म्हणून उठले, चुलीत लाकूड सारलं, परत बसले.

आज सकाळी तो उठला, तोंड धुतलं, रविवारचा कोट घातला, टोपी हातात घेतली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मला म्हणाला, "बाई, तुम्ही फार आदरानं ठेवलंत मला. देव तुमचं भलं करो. पण आता निघतो. घरी बायको वाट बघत असेल."

मी पीठ मळत होते. हात पिठात.

"कॉफी घेऊन जा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"नको. उशीर झाला तर ती बोलते. जिभेची तिखट आहे."

"असेल," मी म्हटलं. "तरी घ्या. मी तिला समजावीन."

बसला. टोपी गुडघ्यावर. कॉफी प्यायला. अर्धा पेला झाला तसा माझ्याकडं बघून म्हणाला, "पेर्सा, साखर घालायची विसरलीस." मी साखर घातली. आता बाहेर बाकावर आहे. टोपी अजून गुडघ्यावरच आहे.

मी त्याला सांगू शकते की बाबा, ती मीच. पण माझं मीच सांगून काय उपयोग? कोणतीही बाई सांगेल. आमचं लग्न लागलं तेव्हा देवळात होते ते पाद्री गेले, माझी आई गेली, त्याचा भाऊ गेला. आमच्या मागं उभं राहून डोक्यांवर मुकुट कोणी धरले होते? तुम्ही. हात भरून आला म्हणून कुरकुर करत होतात, आणि पाद्र्यानं डोळे वटारले होते. हे बघितलेला दुसरा माणूस मला या जगात माहीत नाही. माझ्याजवळ होता तो आज सकाळी कोट घालून उभा होता.

तुम्ही या. चषकाला नको म्हटलं होतं, आता या म्हणते. त्याच्याशेजारी बाकावर बसा आणि त्याला सांगा की ही बाई कोण. तुमचं ऐकेल. तुमच्यावर त्याचा कसलाच राग नाही. कदाचित तुम्हालाही विचारेल, आपण कोण. तोंड फुगवू नका, नाव सांगा.

रडारड होणार नाही, ती मला जमत नाही. मासे तळीन. स्टँडवर कोणी घ्यायला येणार नाही, त्याला एकटं सोडता येत नाही. रस्ता तुम्हाला माहीत आहे.

फाटकाला बाहेरून कडी घालते हल्ली, त्याच्यासाठी. वरच्या बाजूला आहे, सरकवा, उघडते.

स्वेतोझारची बायको,
पेर्सिदा